चौथं कडवं

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा बायकोला घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. अंगात लग्नकार्याला घालतात तसा काळा कोट, केसांना ताजा कलप. शिपायाने विचारलं, कोणाला भेटायचं आहे?

"काल संध्याकाळी भोंग्यावर गाणं म्हणून राहिली होती न थे मशीन," म्हातारा म्हणाला, "तिच्या मालकाले."

मशीन सरकारची होती. दिल्लीच्या कुठल्याशा योजनेतून सक्करदऱ्याच्या या शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता आणि त्याचा ताबा पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या शामला मॅडमकडे होता. पण गाणं त्यात घातलं होतं वामनरावांनी. म्हणून शिपायाने दोघांना ग्रंथालयात आणून वामनरावांसमोर उभं केलं.

वामनराव शाळेचे निवृत्त ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावरही ते रोज येत, कारण घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि त्यांच्या जागी नवा माणूस नेमलाच गेला नव्हता. अनोळखी कोणी समोर आलं की ते आधी चष्मा पुसत. आत्ताही त्यांनी चष्मा पुसला.

"मी देवाजी," म्हातारा म्हणाला. "एस.टी.च्या वर्कशॉपातून रिटायर. समोरच्या वस्तीत राहतो. ही पंचफुला. माही गायन पार्टी होती. नाव आयकलं असन तुमी."

वामनरावांनी ऐकलं नव्हतं. तसं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"काल तुमच्या मशीननं माहं गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं बाप्पा, नाव नाही ठेवत. पन एक सांगा मले." देवाजीने कोटाचं बटण लावलं. "माह्या नावापाशी येऊन थे काहून थांबून गेली?"

वामनरावांना प्रश्नच कळला नाही.

त्या यंत्रात गाणं घालायची एक भाषा होती. स्वराला एक आकडा, तो किती लांबवायचा त्याला दुसरा आकडा. अशा ओळी एकाखाली एक लिहिल्या की यंत्र त्या वाचत जाई आणि आतल्या बारक्या स्पीकरमधून पिपाणीसारख्या आवाजात गाणं निघे. शामला मॅडमनी एका सुट्टीत ती भाषा वामनरावांना शिकवली, म्हाताऱ्याचा वेळ जाईल या हिशोबाने. पण वामनराव तिच्यात बुडून गेले. जन्मभर त्यांनी पुस्तकातली स्वरलिपी वाचून मनातल्या मनात गाणी ऐकली होती. गळ्यातून स्वर असा कधी काढला नव्हता. आरतीतसुद्धा ते नुसते ओठ हलवत. आता त्यांच्या वतीने गाणारं कोणीतरी मिळालं होतं.

गाणी लिहून झाली तशी ती वाटावी असं त्यांना वाटू लागलं. पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवायचं नसतं, तसंच हेही. पण दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागता कामा नये, याची त्यांना फार भीती. त्यांनी कायदा काढून वाचला आणि नियम केला: कर्ता वारून पन्नास वर्षं झालेली, नाहीतर कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नसलेली, एवढीच गाणी घ्यायची. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक ओळ असे. ती यंत्र वाचत नाही, सोडून पुढे जातं. ती माणसांसाठी असते. तिच्यात गाणं कुठलं ते लिहायचं आणि पुढे लिहायचं, 'हक्कमुक्त. कोणीही नक्कल करावी.' उन्हाळ्यातल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मॅडम गेल्या तेव्हा या गाण्यांचे सायक्लोस्टाइल केलेले कागद घेऊन गेल्या. विदर्भातल्या आणखी अकरा शाळांकडे हे यंत्र होतं. सगळ्यांनी कागद नेले.

त्यातच हे गाणं होतं. ते वामनरावांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. ते खिडकीतून आलं होतं. ग्रंथालयाची खिडकी रस्त्याकडे उघडे आणि रस्त्यापलीकडे बौद्ध वस्ती. दसऱ्याच्या सुमाराला आणि एप्रिलात तिथल्या भोंग्यावरून ते दरवर्षी येई. शब्द भोंग्यात फाटून जात, चाल तेवढी पोचे. चार कडवी, चारही एका चालीची. कडव्याच्या शेवटी एक स्वर असा होता, की तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडे. यंत्राला पाव पाव स्वर करता येत. वामनराव त्या एका स्वराच्या मागे कितीतरी दिवस लागले आणि शेवटी त्यांनी तो धरला. डोक्यावरच्या ओळीत लिहिलं, 'पारंपरिक. कर्ता अज्ञात.' चौथ्यांदा तीच चाल आली की मुलं चुळबुळ करतात असं मॅडम म्हणाल्या, म्हणून त्यांनी यंत्राला सांगितलं, हे सगळं तीनदा कर.

सुराचा पाव भाग त्यांनी शोधून काढला होता. गाणं कोणाचं, हे रस्ता ओलांडून विचारलं नव्हतं.

"म्हणजे चौथं कडवं..." वामनराव म्हणाले.

"तेच तं! तीन कडवे मायच्या वाटंचे आहे. चौथ्यात नाव." देवाजीने घसा साफ केला, पंचफुलेकडे पाहिलं, आणि ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती तिच्याखालीच उभं राहून गायला लागला. आवाज थकलेला होता, पण जागेवर पडत होता.

पांढऱ्या लुगड्यात माय निघाली, भाकर घेतली पदरात,
जुनं सारं ठेवून आली उंबऱ्याच्या आत.

मधली दोन त्याने सोडली आणि चौथं धरलं.

बायजाचा लेक देवाजी सांगे, माय चालली उन्हात,
तिच्या पायाचा फोड अजून दुखते माह्या मनात.

'मनात'वर तो मधला स्वर आला. वामनरावांनी मान खाली घातली.

"बायजाबाई माही माय," देवाजी म्हणाला. "छप्पन साली नरखेडकडून पायी आली दीक्षेले. दुसऱ्या वर्षी गेली. तिचा फोटो नाही, दगड नाही, कुठं कागदावर नाव नाही. मी म्हटलं, गान्यात ठेवतो. लोकं गातीन तवर राहीन."

"अन् मागून सोताचंबी बसवून घेतलं," पंचफुला म्हणाली.

"मागून कुठं वं? तिच्या आडून."

"पण यंत्र शब्द म्हणत नाही," वामनराव चाचरत म्हणाले. "ते नुसती चाल..."

"आमाले शब्द आयकू येते न जी! काल सारी वस्ती अंगनात बसून त्या चालीवर म्हनून राहिली होती. तीन झाले. मी कोट सावरला, म्हटलं आता माय येते. अन् तुमची मशीन गप. तुमचे पोट्टे टाळ्या वाजवू लागले."

वामनरावांचे कान तापले. "चूक माझी आहे. मला वाटलं, ते पारंपरिक आहे."

"म्हंजे कसं?"

"म्हणजे... कोणाचंच नसलेलं."

"या बुढ्याले पाहून कोनीबी म्हनन, हा कोनाचाच नाही," पंचफुला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

देवाजी मात्र हसला नाही. रागावलाही नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि मुलाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "पाहा गुरुजी. फुकट द्या, कोन नाही म्हनते? म्या या गान्याचा कोनापासून पैसा नाही घेतला. समाजाले देल्लं आहे थे. पन नावानिशी देल्लं आहे. नाव कापून नका देऊ."

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. खाली गालिचा होता, खिडक्यांना जाड पडदे. देवाजी दारातच थबकला.

"आत कोनी देव बसवला का मॅडम?"

"नाही हो," शामला मॅडम म्हणाल्या. "त्याला धूळ चालत नाही."

"मंग आमच्यापेक्षा नाजूक आहे."

वामनरावांनी तीनचं चार केलं. एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, एवढंच काम होतं, आणि ते एवढं सोपं असावं याची त्यांना लाज वाटली. यंत्र गायला लागलं. पहिल्या तीन कडव्यांना देवाजी पायाने ठेका धरून बसला होता. चौथं लागलं तसा तो उभा राहिला. कोटाची बटणं लावलेली, हात जोडलेले. पंचफुला पुटपुटत होती. शेवटचा स्वर खाली उतरून थांबला.

"थो खालचा सूर!" देवाजी म्हणाला. "आमच्या पार्टीतल्या दोघाईले जन्मभर नाही जमला थो. कसा धरला जी तुमी?"

वामनरावांनी यंत्रावरच्या एका आकड्याकडे बोट दाखवलं.

"अशी मशीन ही एकच आहे न? का आनखी कुठं वाजते हे?"

वाक्य वामनरावांच्या घशाशी आलं होतं: अकरा शाळांत गेलं आहे, तीन कडव्यांचं, वर 'कर्ता अज्ञात' लिहून. देवाजीचे हात अजून जोडलेलेच होते.

"या भागात ही एकच," वामनराव म्हणाले.

मॅडमनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

ते दोघं गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, असं का सांगितलंत?"

"सांगतो त्यांना. आज एकदम नको वाटलं."

"बरं. दुरुस्तीचा कागद मी उद्याच सगळ्या शाळांना पाठवते."

"आधी त्यांच्या कानावर घालतो, मग पाठवा," वामनराव म्हणाले. "त्यांच्या पाठीमागे आणखी काही करायला नको."

हे त्यांना तेव्हा फार न्यायाचं वाटलं. कागद त्यामुळे जागच्या जागी राहिला.

दोन दिवसांनी देवाजी पिशवीभर संत्री घेऊन आला. नरखेडकडच्या नातेवाइकांच्या बागेतली होती. "तुमच्यासाठी वेगळी काढली, आंबट नाही," म्हणाला. वामनरावांनी ठरवलं होतं, आज सांगायचं. पण संत्री हातात घेऊन कसं सांगणार? पुढच्या खेपेला देवाजीने विचारलं, मशीनचं गाणं कॅसेटवर मिळते का? मॅडमनी यंत्रातलं गाणं कॅसेटवर उतरवलं आणि वामनरावांना काही सुचायच्या आत ती त्याला देऊनही टाकली.

रविवारी देवाजीने त्यांना चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत वामनरावांनी तो रस्ता पहिल्यांदा ओलांडला. अंगणात सतरंजी घातली होती, वस्तीतली दहा-बारा माणसं बसली होती, आणि एकुलती एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली होती. देवाजीने त्यांची ओळख करून दिली.

"हे वामनराव गुरुजी. याईनं माह्या मायचं नाव मशीनमंधी घातलं."

सगळ्यांनी नमस्कार केला. एका म्हातारीने खुर्चीजवळ येऊन त्यांच्या हाताला हात लावला. वामनरावांना खुर्ची टोचू लागली.

मग देवाजीने ऐटीत टेपरेकॉर्डर लावला. कॅसेट फिरली आणि तिच्यातून असा काही कर्कश किरकिराट निघाला, की झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. लोक कानावर हात ठेवून बसले.

"हे काय गा?" कोणीतरी ओरडलं. "देवाजीबुवाच्या पोटात दुखते का?"

"बंद करा नं! आवाज तं तुमचाच आहे," पंचफुला म्हणाली. "झोपले की असेच वाजता."

वामनरावांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी ते मोठ्याने हसले आणि लगेच गप्प झाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की हा यंत्राचा यंत्राशी बोलण्याचा आवाज आहे. गाणं यातच आहे, पण ते यंत्रालाच कळतं. देवाजीने कॅसेट बाहेर काढली, उलटीसुलटी पाहिली.

"म्हंजे माय आतच आहे?"

"आहे."

"चारी कडवे?"

"चारही."

त्याने ती स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि भिंतीवरच्या तसबिरींच्या खाली फळीवर ठेवून दिली. पंचफुलेने चहा आणला. वामनराव चहा प्यायले, उठले, घरी गेले. सांगितलं नाही. शाळेबाहेर गेलेली ही एवढी एकच नक्कल खरी होती. अकरा शाळांत खोटी होती, आणि ती त्यांनीच वाटली होती. रात्री जेवताना घास तोंडाशी येऊन थांबे.

जानेवारीत कामठीच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. मॅडमना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. "सर, तुम्हीही चला," त्या म्हणाल्या, "पण त्या शाळेकडे आपले कागद आहेत, हे लक्षात ठेवा. देवाजींना अजून सांगितलं नाही ना?" वामनरावांनी तेव्हाच ठरवलं होतं, की जायचं नाही. पण तेवढ्यात देवाजी दारात आला आणि त्याने विचारलं, कुठं चालले? कामठीचं प्रदर्शन म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

"कामठीले माही चुलतबहीण राहते. आमीबी येतो न जी. मशीनी पाहू."

मॅडम सकाळीच पुढे गेल्या. वामनराव, देवाजी आणि पंचफुला दुपारच्या बसने निघाले. पंचफुला पुढच्या बाकावर, हे दोघे तिच्या मागे. देवाजीने काळा कोट घातला होता. इंदोरा मागे पडलं तसं वामनरावांनी सगळा धीर एकवटला.

"देवाजी, एक सांगायचं होतं."

"सांगा न."

"त्या शाळेतही एक यंत्र आहे."

"अस्सं?"

"तिथे... तिथे तुमचं गाणंही असेल."

देवाजीने पुढे वाकून पंचफुलेच्या पाठीवर टिचकी मारली. "आयकलं का वं? कामठीतबी आहे म्हंते आपलं गाणं!" आणि मग वामनरावांकडे वळून, "एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवली होय? मोठे लबाड तुमी."

पंचफुला मागे वळून हसली. कंडक्टरही हसला. आता पुढचं वाक्य बोलायचं होतं आणि तेच नेमकं निघालं नाही. ते अर्धंच बोलले होते, आणि त्या अर्ध्याने सगळं आणखी बिघडवलं होतं.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर यंत्र, त्याच्याजवळ माइक. तिथले विज्ञानाचे मास्तर उत्साही होते, घाम पुसत सगळीकडे धावत होते. मॅडम दुसऱ्या टोकाला परीक्षकांत बसल्या होत्या. त्यांनी देवाजीला पाहिलं आणि वामनरावांकडे प्रश्नार्थक नजर टाकली. वामनरावांनी चष्मा पुसला.

"आता एक गंमत ऐका," मास्तर माइकवर म्हणाले. "हा कॉम्प्युटर गाणार आहे. गाणं आपल्या मातीतलं आहे. पारंपरिक, कर्ता अज्ञात."

यंत्र गायला लागलं. देवाजीने 'कर्ता अज्ञात' ऐकलं नसावं, किंवा ऐकून ते त्याच्याबद्दल आहे असं त्याच्या मनात आलं नसावं. तो मान डोलवत पुटपुटत होता. पांढऱ्या लुगड्यात माय निघाली. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसरं संपत आलं तसं त्याने कोट नीट केला आणि उभं राहण्यासाठी हात खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

यंत्र थांबलं. टाळ्या पडल्या.

देवाजीचे हात दांडीवरच राहिले.

"हे गाणं," मास्तर टाळ्यांवरून ओरडून सांगू लागले, "सक्करदऱ्याच्या वामनराव सरांनी ऐकून ऐकून लिहून काढलं. आणि किती मोठं मन पाहा, विदर्भातल्या अकरा शाळांना ते असंच वाटून टाकलं! ना हक्क, ना मोबदला. सर आज इथे आले आहेत. सर, उभे राहा. दोन शब्द बोला."

लोक माना वळवून पाहू लागले. वामनराव उभे राहिले, कारण बसून राहणं त्याहून कठीण झालं होतं. त्यांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजी त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या हातांकडे पाहत होता. पंचफुला मात्र पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मास्तरांनी माइक हातात आणून दिला.

"हे गाणं..." वामनराव म्हणाले. पुढे शब्द येईनात. क्षमा, गैरसमज, दुरुस्ती असे पुस्तकातले शब्द आले आणि गेले. सभागृह वाट पाहत होतं. तीन कडव्यांनंतरची ती रिकामी जागा अजून तशीच होती, आणि यंत्र काही पुढे गाणार नव्हतं.

वामनरावांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

बायजाचा लेक देवाजी सांगे...

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. कोरडा, कापरा, दुसऱ्याच शब्दाला घसरलेला. मागच्या खुर्च्यांवर कोणी फिस्सकन हसलं. 'माय चालली उन्हात' म्हणताना श्वास तुटला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो मधला स्वर आला. त्यांनी तो आकड्यांत पकडला होता, पण गळ्यात काही तो सापडला नाही. तरी ओळ त्यांनी पुरी केली.

"चार कडवी आहेत," डोळे उघडून ते म्हणाले. "मी तीनच घातली. कर्ता अज्ञात नाही. हे देवाजी, इथे बसले आहेत. बायजाबाई त्यांची आई. मला माहीत झालं होतं आणि मी सांगितलं नाही, त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. कोणी वाजवल्या नाहीत. मास्तरांनी माइक हळूच परत घेतला.

चुलतबहिणीकडे जाणं राहूनच गेलं. परतीच्या बसमध्ये देवाजी वेगळ्या बाकावर जाऊन बसला, खिडकीकडे तोंड करून. पंचफुला त्याच्या शेजारी बसली. सक्करदऱ्याला तिघं उतरले. शाळेचं फाटक एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला. रस्त्याच्या कडेला देवाजी थांबला.

"किती शाळा म्हटलं त्या मास्तरनं?"

"अकरा. त्यांनी पुढे कोणाकोणाला दिलं, ते मला ठाऊक नाही. कोणीही नक्कल करावी, असं मीच लिहिलं होतं."

"मी तुमाले त्या दिवशी विचारलं होतं. तुमी म्हटलं, एकच."

"हो."

"खोटं बोलले."

"हो."

"माह्या घरी खुर्चीवर बसून चहा पेले."

वामनरावांनी मान हलवली. या वेळी ती हो म्हणूनच हलली.

"जाऊ द्या न आता," पंचफुला हळूच म्हणाली. "इतल्या लोकात उभं राहून म्हटलं त्याईनं."

"तू चूप वं. म्हटलं! काय म्हटलं? थो खालचा सूर पुरा गेला. मशीनले जमते, अन् याईले नाही जमत."

"नाही जमत," वामनराव म्हणाले.

देवाजीने कोट काढून हातावर घेतला. कोटाशिवाय तो एकदम लहान दिसला.

"मायचं नाव तेवढं साफ आलं," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "कामठीचं झालं. बाकीच्या दहाचं काय?"

"मॅडम उद्या दुरुस्तीचा कागद पाठवतील. सगळीकडे. तुमचं नाव, आईचं नाव, चार कडवी, सगळं वरच्या ओळीत लिहून."

"कागद पाठवाच. पन थे वरची ओळ मशीन वाचत नाही, तुमीच सांगता. अन् मास्तर लोकं तरी काय वाचते?" त्याने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. "गाऊन या. दहाही जागी."

एवढं बोलून तो पंचफुलेला घेऊन रस्ता ओलांडून गेला. रोजच्यासारखं 'या मंग चहाले' म्हणाला नाही.

कागद दुसऱ्या दिवशी गेले. वामनराव पुढच्या सोमवारी निघाले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांच्या अंगात कणकण होती, निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. पण नंतरच्या सोमवारी ते काटोलच्या बसमध्ये बसले होते. तिथल्या शाळेत कोणाला काय सांगायचं, मुख्याध्यापक गाऊ देतील का, की वेड लागलेला म्हातारा म्हणून शिपायाकरवी बाहेर काढतील, याचा ते विचार करत होते. यादीत दहा शाळा होत्या. आणि यादीत नसलेल्या किती, कोण जाणे. कुठल्या तरी गावात, त्यांना कधीही न कळणाऱ्या खोलीत, ते गाणं या क्षणीही तिसऱ्या कडव्याला थांबत असेल.

ते खिडकीकडे वळले आणि ओठ हलवू लागले. जन्मभराची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ओठांत थोडा आवाज घातला.

शेजारच्या बाकावरची बाई मांडीवरची टोपली सावरत वळली. "मले काही म्हटलं का जी?"

वामनरावांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथून परत आला.

"नाही. गाणं म्हणून पाहतो आहे."

"कोनाचं?"

"देवाजींचं. बायजाबाईच्या देवाजींचं."

"मंग नीट म्हना न. नुसतं गुनगुन करून राहिले."

बसचा आवाज मोठा होता. त्याच्यावर चढून म्हणावं लागलं. शेवटी तो स्वर पुन्हा निसटला. वामनराव थांबले, आणि त्यांनी कडवं पुन्हा पहिल्या शब्दापासून धरलं.